गोळी सुटण्याआधी

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटच्या मधोमध एक पांढरा ठिपका असतो. व्यास अर्धा मिलिमीटर, बॉलपेनच्या टोकाएवढा. फायरिंग लाइनवर उभ्या असलेल्या नेमबाजाला तो दिसत नाही. दिसतो तो भोवतीचा साडेतीस मिलिमीटरचा काळा गोल. न दिसणाऱ्या त्या ठिपक्यावर साठ वेळा नेम धरायचा असतो आणि त्यासाठी सव्वा तास मिळतो.

पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या गोळीचा, व्यास साडेचार मिलिमीटर. तिची कड ठिपक्याला नुसती लागली तरी दहा गुण. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवा. आता रायफलकडे पाहा. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम जुळवायच्या भागांमध्ये, साधारण पाऊण मीटर अंतर असतं. टार्गेटवरचे अडीच मिलिमीटर इथे, डोळ्यासमोर, एका मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे उरतात. साइट तेवढी ढळली की दहाचा नऊ होतो.

एवढा बारीक नेम उपजत नजरेतून किंवा मुळातच स्थिर असलेल्या हातातून येतो, अशी आपली समजूत असते. रेंजवर थोडा वेळ घालवला की ती गळून पडते. जगज्जेत्याचीही रायफल हलते. श्वास चालू असतो, हृदयाचे ठोके पडत असतात, पायाखालचा तोल क्षणोक्षणी सावरला जात असतो. फरक असतो तो त्या हालचालीच्या आवाक्यात आणि तिच्यातला नेमका क्षण पकडण्याच्या सवयीत. ही सवय लागते सरावाने आणि तो सराव बहुतांशी गोळी न झाडता होतो. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. पण ते नीट पटायला रेंजवर उभं राहून सगळं जवळून पाहावं लागतं.

कांबळवाडी ते शातोरू

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. १९५२ साली हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिंपिक पदक पडायला ७२ वर्षं लागली.

गावोगावी मिरवणुका निघाल्या, गुलाल उधळला गेला. पण स्वप्नील नेमकं काय जिंकला, हे फार थोड्यांना उमगलं असेल. थ्री पोझिशन्स म्हणजे एकाच रायफलीने तीन वेगवेगळ्या शरीरस्थितींतून नेम धरणं. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, शेवटी उभं राहून. रेंजवर त्यांना नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग म्हणतात. पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीतून २० असे ६० शॉट्स असतात आणि त्यासाठी दीड तास मिळतो. स्थिती बदलायची, रायफलचे आठ-दहा भाग त्या स्थितीसाठी पुन्हा जुळवायचे, साइटर म्हणजे चाचणीचे शॉट्स मारून खात्री करून घ्यायची, हे सगळं त्याच दीड तासात बसवावं लागतं. स्वप्नील ५९० गुणांसह सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेला. अंतिम फेरीतल्या ४४ शॉट्समध्ये त्याचे ४५१.४ गुण झाले. चीनच्या लिऊ युकुनला सुवर्ण मिळालं, युक्रेनच्या सेर्ही कुलिशला रौप्य.

याच स्वप्नीलचा पदकाआधीचा एक शॉट लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो अंतिम फेरीत आघाडीवर होता. स्टँडिंगमध्ये एक शॉट ७.६ वर गेला आणि तो थेट चौथ्या क्रमांकावर फेकला गेला. त्याच स्पर्धेत त्याने सांघिक सुवर्ण जिंकलं होतं, तरी तो ७.६ लोकांच्या डोळ्यांसमोरून हटला नाही. त्यानंतर वर्षभराच्या आत तो त्याच स्थितीतून, त्याच दडपणाखाली ऑलिंपिक पदकापर्यंत पोचला. मधल्या महिन्यांत जे घडलं, ते कुठल्याही कॅमेऱ्यात आलं नाही. ते घडलं रोजच्या रेंजवर.

हाडांवर उभं राहायचं

रेंजवर नव्या मुलाला सुरुवातीला नेम धरायला शिकवत नाहीत. उभं राहायला शिकवतात. एअर रायफलचं वजन नियमाप्रमाणे साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. तेवढं वजन दंडाच्या जोरावर उचलून धरलं तर मिनिटभरात हात थरथरायला लागतो. म्हणून ते हाडांवर तोलायचं. उजव्या हाताने मारणारा नेमबाज डावा कूल्हा टार्गेटच्या बाजूला पुढे काढतो, डावं कोपर बरगड्यांखाली थेट कुल्ह्याच्या हाडावर टेकवतो आणि कमरेच्या वरचा भाग थोडा मागे व किंचित वळवून घेतो. रायफलचं वजन तळहातावरून कोपरात, कोपरातून कुल्ह्यात आणि तिथून सरळ पायात उतरतं. स्नायूंनी काम करायचं नाही, त्यांनी सैल राहायचं. हे बोलायला सोपं आहे. अंगवळणी पडायला महिने जातात.

जाड कॅनव्हासचं जॅकेट, ताठ पँट आणि सपाट तळव्याचे बूट पाहून पुष्कळांना वाटतं की हे कपडेच माणसाला उभं धरून ठेवतात. तसं होऊ नये म्हणून कापडाची जाडी आणि ताठपणा यांवर नियमांनी मर्यादा घातल्या आहेत आणि स्पर्धेत उपकरणांनी त्या तपासल्या जातात. जॅकेट पाठीला आधार देतं, मणक्यावरचा ताण कमी करतं. उभं राहण्याची पद्धत चुकलेली असेल तर ते ती सुधारत नाही.

मग येतो शरीराचा नैसर्गिक रोख. स्थिती घ्यायची, साइटमधून काळ्या गोलाकडे पाहायचं, डोळे मिटायचे, एक-दोन श्वास घेऊन अंग सैल सोडायचं आणि डोळे उघडायचे. रायफल गोलावरच असेल तर ठीक. ती डावी-उजवीकडे सरकलेली दिसली तर हाताने ओढून जागेवर आणायची नाही. पाऊल काही मिलिमीटर हलवायचं, म्हणजे सगळं शरीर त्या दिशेला वळतं. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर दाबण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जायला बघते आणि शॉट त्याच बाजूला जातो. प्रशिक्षक मागे उभे राहून मुलांना सारखे डोळे मिटायला का सांगतात, याचं उत्तर इथे आहे.

एक शॉट

एका लेनवर दहावीतली एक मुलगी उभी आहे. शेजारच्या स्टँडवर पेलेटचा डबा, पाण्याची बाटली आणि उघडी वही. ती पेलेट उचलते, तिचा घेर वाकलेला तर नाही ना हे बोटांनी चाचपते, नळीत सरकवते, बोल्ट बंद करते. रायफल अजून स्टँडवरच आहे. ती पावलं जुळवते. मग रायफल उचलून बट खांद्याच्या खोबणीत बसवते, गाल चीकपीसवर टेकवते. गाल दर वेळी नेमका त्याच जागी टेकायला हवा, कारण डोळा मागच्या साइटच्या छिद्रासमोर येतो तो गालाच्या आधाराने.

आता रायफलची नळी वरून खाली येते. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून तिला पुढच्या साइटची कडी दिसते आणि कडीत काळा गोल. छिद्र, कडी आणि गोल ही वर्तुळं एकात एक, सगळीकडे सारखी फट ठेवून बसायला हवीत. तिचे दोन्ही डोळे उघडे आहेत. न वापरायच्या डोळ्यासमोर एक छोटी पांढरी पट्टी आहे, त्यामुळे तो डोळा मिचकावण्याचा ताण चेहऱ्यावर येत नाही. ती श्वास घेते, सोडते, पुन्हा अर्धा सोडून थांबते. श्वास कोंडलेला नसतो. दोन श्वासांच्या मध्ये जी आपसूक विश्रांती असते, ती थोडी लांबवलेली असते. ट्रिगरचा पहिला टप्पा तिने आधीच दाबून ठेवला आहे. दुसरा टप्पा काही ग्रॅमचा.

सहा सेकंद, सात सेकंद. कडी गोलाभोवती हळूहळू फिरत राहते, स्थिरावते, पुन्हा सुटते. ती ट्रिगरवरचं बोट काढते आणि रायफल खाली घेते.

शॉट झालाच नाही. मागे बसलेल्या पालकाला वाटतं, मुलगी घाबरली. प्रशिक्षकाचा चेहरा मात्र समाधानी असतो. आठ-दहा सेकंदांपुढे नेम ताणला की डोळ्यासमोरचं चित्र विटत जातं. गोल प्रत्यक्षात सरकलेला असला तरी मेंदूला जुनंच चित्र दिसत राहतं. त्या क्षणी ‘आता मारून टाकू’ असा मोह होतो. नऊ आणि आठ हमखास इथेच पडतात. रायफल उतरवणं हे नेमबाजाचं सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते सुद्धा सरावानेच येतं. स्पर्धेत प्रत्येक शॉटला सरासरी सव्वा मिनिट असतं. एखादा प्रयत्न सोडून द्यायला तेवढा वेळ पुरतो.

ती पुन्हा सगळं पहिल्यापासून करते. या वेळी चौथ्या-पाचव्या सेकंदाला शॉट सुटतो. पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने दहा मीटर जाते, म्हणजे सेकंदाचा सोळावा-सतरावा हिस्सा. मुलगी तरीही जागची हलत नाही. गाल चीकपीसवर, डोळा साइटमध्ये, बोट मागे दाबलेलं, असं दोन सेकंद. याला फॉलो थ्रू म्हणतात. पेलेट नळीतून बाहेर पडेपर्यंत नळी जागेवर राहिली पाहिजे, आणि शॉट सुटताच मान वर करायची सवय लागली तर ती मान हळूहळू शॉटच्या आधीच उचलली जाऊ लागते. मॉनिटरकडे बघण्याआधी ती मनातल्या मनात शॉट कुठे गेला ते ठरवते: उजवीकडे, किंचित वर, १०.२. मग बघते. १०.३, तीन वाजण्याच्या दिशेला. वहीत नोंद होते.

आपला शॉट न बघता ओळखणं याला रेंजवर कॉल करणं म्हणतात. कॉल आणि मॉनिटर जुळायला लागले की प्रशिक्षक निश्चिंत होतात, मग गुण कितीही असोत. ज्याला चूक कुठे झाली ते कळतं, त्याला ती सुधारता येते.

रिकामी रायफल

रोजच्या सरावातला मोठा भाग पेलेटशिवाय होतो. त्याला ड्राय म्हणतात. स्थिती, श्वास, साइट, ट्रिगर, फॉलो थ्रू, सगळं तेच. फक्त नळी रिकामी. गोळी नसली की गुणांची हाव नसते, धक्क्याची धास्ती नसते, त्यामुळे ट्रिगर दाबताना साइट हलते का ते स्वच्छ दिसतं. त्याच्या जोडीला होल्डिंग: ट्रिगरला हात न लावता रायफल गोलावर नुसती धरून ठेवायची, खाली घ्यायची, विश्रांती, पुन्हा धरायची. शहरातल्या मुलांचा हा सराव घरातही चालतो. पॅसेजच्या टोकाला भिंतीवर अंतराच्या प्रमाणात लहान केलेला काळा गोल चिकटवला की झालं. पांढऱ्या भिंतीवर, टार्गेटच न ठेवता ट्रिगर दाबण्याचा प्रकारही जुना आणि गुणाचा आहे. नेम धरायला काही नसलं की सगळं लक्ष बोटावर जातं.

अलीकडे स्कॅटसारखी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. नळीवर बसवलेला छोटा सेन्सर रायफलचा रोख टार्गेटवर कसा फिरतो ती रेघ संगणकावर काढतो. शॉटच्या आधीच्या शेवटच्या सेकंदातली रेघ वेगळ्या रंगात दिसते. गुण १०.४ पण रेघ सैरभैर, असं दिसलं की तो दहा नशिबाचा होता हे कळतं. गुण ९.८ पण रेघ आटोपशीर, तर चूक फक्त साइटच्या जुळवणीत आहे. कागद आणि मॉनिटर लपवतात ते हे यंत्र उघडं करतं.

यंत्र नसलं तरी छिद्रांचा पुंजका, म्हणजे ग्रुप, पुष्कळ सांगतो. पाच-दहा शॉट्सचा ग्रुप घट्ट आहे पण मध्यापासून दूर आहे, तर नेमबाजात काही दोष नाही. साइट काही क्लिक फिरवली की काम होतं. ग्रुप विस्कटलेला असेल तर साइटला हात लावणं म्हणजे आजार सोडून भलतंच औषध घेणं. छिद्रं वर-खाली पसरली असतील तर आधी श्वास तपासायचा. आडवी पसरली असतील तर शरीराचा रोख आणि ट्रिगरवरचं बोट. एकाच छिद्रावरून साइट फिरवायची नाही, हा नियम नवशिक्यांना पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, कारण एक नऊ पडला की हात आपोआप क्लिककडे जातो.

गुण मोजण्याची पद्धत बदलली आणि सरावही बदलला. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. चाळीसच्या चाळीस शॉट्स दहाला लागले. ती जागतिक विक्रमाशी बरोबरी होती. तेव्हा ठिपक्याला कड लागलेला दहा आणि मधोमध बसलेला दहा सारखेच मोजले जात. २०१३ पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश आले. आता १०.० ला १०.० आणि १०.९ ला १०.९. दोन दशांशांमध्ये पाव मिलिमीटरचं अंतर. पुढे महिलांचे शॉट्सही चाळीसचे साठ झाले. दहाला नुसतं शिवून आता भागत नाही.

पन्नास मीटरवरचा वारा

दहा मीटरची रेंज बंदिस्त असते. पन्नास मीटरची उघडी. नेमबाजाच्या डोक्यावर छप्पर असतं, पण गोळी जाते ती उघड्या मैदानावरून. टार्गेटवरचा दहा इथे १०.४ मिलिमीटरचा आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्याच्या बाहेर आठ मिलिमीटर. रायफल पॉइंट टू टूची, गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. सामन्यासाठीची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगाची, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवतात. गोळी वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली आली तर तिचा मार्ग डळमळतो, म्हणून.

एवढ्याशा शिशाच्या गोळीला वाऱ्याची हलकी झुळूकही पुरते. पावसाळ्यानंतरच्या सकाळी पुण्याच्या बालेवाडीला किंवा कोल्हापूरच्या दुधाळी मैदानाच्या रेंजवर जी झुळूक आपल्याला सुखाची वाटते, तिने गोळी एक-दोन वर्तुळं सहज सरकते. गंमत अशी की ती फक्त आडवी सरकत नाही. नळीतल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत असते. उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेली गोळी उजवीकडून आलेल्या वाऱ्यात डावीकडे आणि थोडी वर जाते. वारा डावीकडून आला तर उजवीकडे आणि थोडी खाली. म्हणून लेनच्या कडेला झेंड्या लावलेल्या असतात आणि नेमबाज दोन शॉट्सच्या मध्ये त्यांच्याकडे बघत असतो.

वाऱ्याशी वागायच्या रीती दोन. एक, साइटचे क्लिक फिरवत राहायचं. दुसरी, झेंडी एका ठराविक स्थितीत येईल तेव्हाच मारायचं आणि बाकी वेळ थांबायचं. अनुभवी नेमबाज दोन्ही वापरतात, पण दुसरीवर त्यांचा भरवसा जास्त असतो. साइटर मारताना ते आपली झेंडी निवडतात: अशी फडकली की दहा. मग साठ शॉट्स तीच झेंडी शोधतात. यासाठी संयम लागतोच, पण त्याहून वाऱ्याची सवय लागते, आणि ती खोलीत बसून लागत नाही. सकाळचा, दुपारचा, उन्हाळ्यातला, पावसाआधीचा वारा त्याच रेंजवर महिनोन्‌महिने अंगावर घ्यावा लागतो. एप्रिलच्या दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या झळांमुळे काळा गोल साइटमध्ये थरथरतो. त्या वेळी कुठल्या कडेवर विश्वास ठेवायचा, हेही तिथेच शिकावं लागतं.

आणखी एक बाब बाहेरच्यांना माहीत नसते. एकाच कारखान्यातली, एकाच नावाची काडतुसंसुद्धा लॉटगणिक वेगळी वागतात. एखाद्या नळीला एखादाच लॉट मानवतो. म्हणून वरच्या पातळीचे नेमबाज एली, आरडब्ल्यूएस, लापुआ अशा कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर आपली रायफल घेऊन जातात. तिथे नळी शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडतात आणि ज्याचा ग्रुप सर्वांत लहान येईल तो लॉट विकत घेतात. माणसाची चूक बाजूला काढली की उरलेली चूक गोळीची असते, हे त्या शिकंज्यात नीट दिसतं. परदेशातून येणारी ही काडतुसं महाग असतात आणि वेळेवर मिळतीलच असं नाही. जिल्ह्याच्या पातळीवरचा खेळाडू मिळेल त्या लॉटवर भागवतो आणि तरीही पाचशे ऐंशीच्या पुढे जातो, तेव्हा त्याचं कौतुक दुप्पट करायला हवं.

दडपणाचा सराव

अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सचं नाव घेतल्याशिवाय थ्री पोझिशन्सची गोष्ट पुरी होत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शेवटच्या शॉटआधी तो तीन गुणांनी आघाडीवर होता. त्याने शेवटचा शॉट मारला तो शेजारच्या खेळाडूच्या टार्गेटवर. शून्य गुण, आठवा क्रमांक. चार वर्षांनी बीजिंगला पुन्हा तो तीनहून अधिक गुणांनी पुढे होता आणि पुन्हा शेवटचा शॉट उरला होता. रायफल टार्गेटवर पुरती उतरण्याआधीच बोट ट्रिगरला लागलं. ४.४. चौथा क्रमांक. जगातल्या सर्वोत्तम रायफल नेमबाजांपैकी एकाच्या हातून हे झालं. शॉटच्या आधीचा क्रम एका जागी तुटला की काय होतं, हे सांगायला याहून मोठा दाखला नाही. म्हणूनच लेनचा क्रमांक तपासण्यासारखी साधी गोष्टही चांगले प्रशिक्षक प्रत्येक शॉटच्या क्रमात घालून देतात.

याच बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलचा शेवटचा शॉट १०.८ मारला आणि भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. त्याआधी अथेन्सच्या अंतिम फेरीत तो सातवा आला होता. आपल्या लेनमधली पायाखालची फरशी सैल होती, हे त्याला मागाहून कळलं. मग त्याने सैल फरशीवर उभं राहूनही सराव केला. बाहेरून पाहणाऱ्याला हा अतिरेक वाटेल. पण स्पर्धेत जे जे घडू शकतं ते सरावात आधी एकदा घडवून ठेवणं, हीच दडपणावरची तयारी आहे. आपल्याकडच्या रेंजवरही प्रशिक्षक अंतिम फेरीचे डाव लावतात: मागे मुलांना गोंगाट करायला सांगायचं, मोठ्याने गुण पुकारायचे, एका शॉटवर बाद व्हायचं. त्या दिवशी हृदय धडधडलं की मुलांना कळतं, धडधड थांबवता येत नाही. तिच्यासकट शॉट मारायला शिकायचं.

वरळी, पनवेल, कोल्हापूर

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची पायरी आहे. मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या वरळीच्या रेंजवर प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली एक अख्खी पिढी घडली. अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे, तिघीही अथेन्स ऑलिंपिकला गेल्या. अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या, सिडनीला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि २००२ मध्ये म्युनिकला चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स ठरल्या. चक्रवर्ती २०२१ मध्ये कोविडने गेले.

त्यांच्या शिष्यांनी पुढचं काम हातात घेतलं. सुमा शिरूर यांनी पनवेलला लक्ष्य ही अकादमी उभी केली. पॅरालिंपिकमध्ये टोकियो आणि पॅरिस अशी दोनदा सुवर्ण जिंकणारी अवनी लेखरा त्यांची शिष्या. दीपाली देशपांडे यांनी स्वप्नीलला वर्षानुवर्षं घडवलं आणि २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद जिंकलं. असं करणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. एका राज्यातून एवढी नावं योगायोगाने येत नाहीत. जिथे रेंज, प्रशिक्षक आणि वरच्या पातळीवर खेळून आलेले ताई-दादा एकाच ठिकाणी मिळाले, तिथेच ती आली.

आणि इथेच आपली उणीव दिसते. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभं राहिलं. पुणे, मुंबई-पनवेल आणि कोल्हापूर सोडलं तर चांगली पन्नास मीटर रेंज गाठायला मुलांना दूरचा प्रवास करावा लागतो. दहा मीटरसाठी मात्र सबब चालणार नाही. त्याला मैदान लागत नाही. शाळेचा एखादा लांब हॉल, टार्गेटमागे भक्कम भिंत, नीट प्रकाश, आत येण्याजाण्याचा एकच मार्ग आणि शिस्तीचा एक प्रशिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते. जिल्हा परिषदांनी, शिक्षणसंस्थांनी आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर हे प्रत्येक तालुक्यात होऊ शकतं. ज्या रेंज आहेत, त्यांनी आठवड्यातल्या काही वेळा बाहेरच्या शाळांना उघड्या ठेवाव्यात.

पालकांना एक-दोन गोष्टी सांगायच्या आहेत. स्पर्धेची एअर रायफल ०.१७७ इंची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची असते आणि तिला शस्त्रपरवाना लागत नाही. पॉइंट टू टूला लागतो. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. रेंजवरचे नियम घरातही पाळायचे: नळी कधीही माणसाकडे नाही, ट्रिगरवर बोट फक्त नेम धरताना, मारायचं नसेल तेव्हा नळीत सुरक्षेची रंगीत दोरी, आणि सराव संपला की रायफल कुलपात. पेलेट शिशाच्या असतात. हात साबणाने धुतल्याशिवाय मुलांनी जेवणाचा डबा उघडू नये.

रायफल, जॅकेट, बूट हे सगळं आधी विकत घेऊ नका. जवळच्या रेंजवर मुलाला घेऊन जा आणि मागच्या बाकावर तासभर बसा. तिथली रायफल तिथल्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली काही महिने वापरू द्या. त्या काळात गुण किती पडले हे घरी विचारू नका. रायफल किती वेळा उतरवली, वहीत काय लिहिलं, ते विचारा. ज्या मुलाला या प्रश्नांची उत्तरं देता येतात, त्याच्यासाठी रायफल विकत घ्यायला हरकत नाही.